सवलत कोणाची?

कायदा सर्वांना सारखा असतो, हे तत्त्व नागरिकशास्त्राच्या पहिल्या धड्यातच शिकविले जाते. चौकात तांबडा दिवा लागला की धनिकाची मोटार थांबते आणि भाजीवाल्याची हातगाडीही थांबते. असे असता एखादी रुग्णवाहिका माथ्यावरचा निळा-तांबडा दिवा लुकलुकवीत आणि भोंगा वाजवीत येते, तेव्हा ती तांबड्या दिव्याला न जुमानता पुढे निघून जाते. पोलीस तिला अडवीत नाही. उलट हात उंचावून इतरांनाच थांबवितो. मग समानतेचे तत्त्व येथे मोडले काय? विचारी मुलाच्या मनात हा प्रश्न यावा, हे स्वाभाविक आहे.

याचे उत्तर नियमांच्या हेतूत सापडते. वेगाला मर्यादा का? चौकात थांबावयाचे का? माणसांचे प्राण सुरक्षित राहावेत म्हणून. परंतु नियमाचे अक्षर पाळल्यामुळेच प्राण जाण्याची वेळ आली, तर नियमाचा हेतू राखण्यासाठी अक्षर क्षणभर बाजूला ठेवावे लागते. हृदय बंद पडले असता चार ते सहा मिनिटांतच मेंदूला इजा होऊ लागते. आगही कोणासाठी थांबत नाही. 6 नोव्हेंबर 2021 रोजी अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली आणि दहाहून अधिक रुग्ण प्राणास मुकले. संकटापुढे माणसाला किती थोडा अवधी मिळतो, याची दुःखद जाणीव त्या दिवशी साऱ्या जिल्ह्याला झाली.

म्हणूनच आपल्या देशाच्या 2017 च्या वाहनचालन नियमावलीने अग्निशामक बंब, रुग्णवाहिका आणि पोलिसांची गाडी यांना रस्त्यावर अग्रक्रम दिला आहे. प्रसंगी त्यांना तांबडा दिवा ओलांडता येतो, वेगाची मर्यादा सोडता येते आणि एकदिशा मार्गावर उलट दिशेनेही जाता येते. परंतु ही मोकळीक बिनशर्त नाही. प्रसंग खरोखर निकडीचा असला पाहिजे, आणि चालकाने पुरेशी सावधगिरी बाळगली पाहिजे. रुग्णाला पोहोचवून रिकामी परतणारी रुग्णवाहिका ही इतर गाड्यांसारखीच एक गाडी होय. एक प्राण वाचविण्याच्या घाईत रस्त्यावरचा दुसरा प्राण धोक्यात घालण्याचा अधिकार कोणालाही नाही. तेव्हा सवलत मिळाली म्हणजे जबाबदारी कमी झाली असे नव्हे. ती दुप्पट झाली, असेच म्हटले पाहिजे.

सवलत कामासाठी असते, व्यक्तीच्या मोठेपणासाठी नसते, हे आपल्या समाजाला उमगावयास बराच काळ लागला. पूर्वी मंत्री व मोठे अधिकारी यांच्या गाड्यांवर तांबडा दिवा झळकत असे, आणि तो दिसताच वाट मोकळी होत असे. केंद्र सरकारने 1 मे 2017 पासून ही प्रथा बंद केली. मंत्र्याला सभेस उशीर झाला तर सभा थांबू शकते. रुग्णाचा श्वास मात्र थांबून चालत नाही. हा भेद ज्या दिवशी कायद्याने मान्य केला, त्या दिवशी समानतेचे तत्त्व दुबळे झाले नाही. ते अधिक बळकट झाले. आज रुग्णवाहिकेत धनिक आहे की मजूर, हे कोणी विचारीत नाही. वाट सर्वांसाठी सारखीच मोकळी होते.

तथापि केवळ कायद्याने दिलेली सवलत पुरेशी आहे काय? थोडे गणित करून पाहावे. ताशी 60 किलोमीटर वेगाने 20 किलोमीटर जावयास 20 मिनिटे लागतात; वेग ताशी 80 किलोमीटर केला तर 15 मिनिटे लागतात. म्हणजे धोका पत्करून पाचच मिनिटे वाचली. आता तीच रुग्णवाहिका वाट न मिळाल्यामुळे ताशी 15 किलोमीटर वेगाच्या वाहनामागे 5 किलोमीटर अडकून पडली, तर त्या अंतराला 5 मिनिटांऐवजी 20 मिनिटे लागतील. म्हणजे 15 मिनिटे गेली! वेगाने जे मिळविले, त्याच्या तिप्पट आडमुठेपणाने घालविले.

हे गणित अहिल्यानगर जिल्ह्याला विशेष लागू पडते. क्षेत्रफळाने हा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा. अकोले तालुक्यातील डोंगराळ गावांपासून जिल्ह्याचे शहर शंभर किलोमीटरांहून अधिक दूर आहे. शिवाय हा साखर कारखान्यांचा जिल्हा. गळिताचा हंगाम सुरू झाला की उसाने भरलेल्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या यांची रांग रस्त्यावर लागते. शेतकऱ्याच्या घामाचे ते धन आहे आणि रस्त्यावर त्याचाही हक्क आहे. परंतु मागून भोंगा ऐकू येताच ट्रॅक्टर डाव्या बाजूस घेऊन क्षणभर थांबविला, तर उसाचे काहीच बिघडत नाही. मागच्या गाडीतील कोणाचे तरी सर्वस्व मात्र वाचते.

वाट न देणाऱ्यास 2019 च्या दुरुस्तीनुसार दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शिक्षा असावी, यात शंका नाही. परंतु प्रत्येक वळणावर पोलीस उभा करता येत नाही. जेथे पोलीस नसतो, तेथे माणुसकीनेच पहारा करावयाचा असतो. त्र्यंबकेश्वराहून पंढरीस निघालेली संत निवृत्तिनाथांची पालखी दर वर्षी याच जिल्ह्यातून जाते. वारीच्या दाट गर्दीतही रुग्णवाहिका आली की वारकरी दुतर्फा सरतात आणि मधून वाट निघते. दंडाच्या भयाने ते सरत नाहीत. जी वाट गर्दीला काढता येते, ती चार मोटारींना काढता येऊ नये काय?

मुले अद्याप वाहने चालवीत नाहीत, हे खरे. परंतु भोंगा ऐकताच सायकल कडेला घेणे, घोळक्याने रस्त्यात उभे न राहणे, रुग्णवाहिकेच्या मागोमाग गाडी पिटाळून आपली वाट साधणाऱ्या वडीलधाऱ्यांस नम्रपणे थांबविणे आणि 108 क्रमांकावर थट्टेने दूरध्वनी न करणे, एवढे तर त्यांना खचित करता येईल. कायदा रुग्णवाहिकेला सवलत देतो. वाट मात्र माणसांनीच द्यावी लागते. ती देताना आपण आपले दोन क्षण देतो, आणि त्या दोन क्षणांत कोणाचे तरी आयुष्य पुढे सरकत असते.