थैली मोठी नको, रोजकीर्द हवी

१/ ऑनलाइन खेळात लूट साचते, थैली भरते आणि ऐन लढाईत औषधच सापडत नाही. केवळ जागा वाढवणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

२/ पुण्याच्या पेशवे दफ्तरात हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत. रोजकीर्दीत जमाखर्च दिवसवार उतरे; खतावणीत तोच खातेवार लागे.

३/ ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये २००७ साली गिल्डचे सामायिक कोठार आले. कोणी काय ठेवले, काय नेले, याची नोंद तिथे राहते. ही रोजकीर्दच.

४/ नोंद नसेल तर अनेकांच्या कष्टाची लूट एकजण नेतो आणि संशय सर्वांवर येतो. पुण्यातील गेमनिर्मात्यांनी रकाने वाढवण्याआधी खतावणी मांडावी. सवंगड्यांतला विश्वासही हिशेबावर टिकतो.