विझणाऱ्या गिझरचे अर्थशास्त्र

डिसेंबरात पहाटेचा गारवा अंगाला झोंबू लागला की पुण्या-नाशिकच्या सदनिकांतून एक तक्रार हमखास ऐकू येते. गॅसचा गिझर पेटत नाही. नळ सोडला की आतून टकटक असा आवाज येतो, ज्योत मात्र येत नाही. कधी ती येते आणि चार-पाच सेकंदांत मालवते. शाळेची, कचेरीची वेळ झालेली असते. कारागिराला फोन जातो. तो येतो, पत्र्याचे झाकण काढतो, काही खटपट करतो आणि पंधरा मिनिटांत निळा जाळ फुरफुरू लागतो. गृहस्थ पैसे देतो व सुटकेचा नि:श्वास टाकतो. या व्यवहारात नेमके काय विकले गेले आणि काय विकत घेतले गेले, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. तो करणे अगत्याचे आहे. कारण बंद न्हाणीघरात स्नानाला गेलेले माणूस बेशुद्ध किंवा मृतावस्थेत आढळल्याच्या बातम्या याच दिवसांत वाचावयास मिळतात. कार्बन मोनॉक्साइडने घात केलेल्या अशा घरांतील गिझर बंद पडलेला नसतो. तो पेटलेला असतो.

या यंत्राची रचना समजून घेण्यास अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. नळ सोडला की वाहत्या पाण्याचा दाब एका रबरी पडद्यावर पडतो. पडदा सरकतो, त्याला जोडलेली काडी एक लहानसा स्विच दाबते. दोन मोठ्या सेलांवर चालणारे विद्युतमंडल जागे होते. एकीकडे ठिणग्या उडू लागतात, दुसरीकडे विद्युतचुंबकाने गॅसची झडप उघडते. ज्योत लागली की तिच्यात बुडालेली एक बारीक सळई तिची साक्ष देते, कारण ज्योतीतून विजेचा अत्यंत क्षीण प्रवाह वाहू शकतो. ही साक्ष ठरल्या मुदतीत मिळाली नाही, तर मंडल झडप मिटवून टाकते. यात अतिउष्णतेच्या वेळी तुटणारा आणखी एक स्विच असतो आणि अनेक गिझरांत वीस मिनिटांनी गॅस आपोआप बंद करणारा समयदर्शकही असतो. थोडक्यात, या यंत्रातील निम्मी योजना पाणी तापविण्यासाठी असली, तर निम्मी ते न तापविण्यासाठी आहे. संशय आला की पेटू नये, हीच त्याला दिलेली शिकवण.

हे ध्यानात घेतले म्हणजे बहुतेक बिघाडांचा उलगडा घरच्या घरी होतो. ठिणगीच पडत नसेल तर प्रथम सेल पाहावेत; त्यांच्या टोकांशी हिरवट-पांढरा गंज साचलेला असतो. सेल ठणठणीत असूनही यंत्र गप्प असेल, तर दोष विजेचा नसून पाण्याचा असण्याचा संभव अधिक. कूपनलिकेच्या वा टँकरच्या जड पाण्यातील क्षार आत शिरण्याच्या जागी असलेल्या जाळीत साचतात. रबरी पडदा कालांतराने कडक होतो किंवा फाटतो. गच्चीवरील टाकीच्या लगेच खाली राहणाऱ्यांचे दुखणे आणखी निराळे. त्यांच्या नळापासून टाकीची उंची इतकी थोडी असते की पडदा सरकविण्याइतका दाबच निर्माण होत नाही. वरच्या मजल्यावरील कुटुंबे या कारणास्तव कारागीर बदलतात, गॅसची झडप बदलतात, शेवटी गिझरही बदलतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तशातला हा प्रकार!

ठिणगी पडते पण ज्योत लागत नाही, तेव्हा सिलिंडर संपत आलेला असू शकतो, नुकताच बदलला असेल तर नळीत हवा राहिलेली असू शकते. किंवा सेल इतके थकलेले असतात की ठिणगीपुरते बळ त्यांच्यात उरते, झडप उचलून धरण्यापुरते उरत नाही. अशा वेळी पुन:पुन्हा नळ सोडीत राहणे हा अविचार होय. न जळलेला गॅस आत साठतो आणि मग एखादी ठिणगी भक्कन मोठा भडका करते. याच्या उलट, नळ बंद केल्यावरही ज्योत विझत नसेल तर झडप अडकलेली आहे असे समजून रेग्युलेटर तत्काळ बंद करावा आणि ती झडप बदलेपर्यंत गिझरला हात लावू नये. येथे घरगुती शहाणपणाची हद्द संपते. गॅसची झडप ही स्वयंपाकघरातल्या सुरीने उघडून पाहण्याची वस्तू नव्हे.

उरतो तो सर्वांत रहस्यमय वाटणारा दोष: ज्योत लागते आणि लगेच मालवते. साक्ष देणाऱ्या सळईवर काजळी बसलेली असते, म्हणून तिची साक्ष मंडलापर्यंत पोचत नाही. कारागीर पॉलिशपेपरने सळई घासतो, गिझर चालू होतो, आणि काम झाले असे दोघेही समजतात. परंतु ही काजळी आली कोठून? पुरेशी हवा मिळालेली गॅसची ज्योत निळी असते व काजळी धरीत नाही. काजळी धरते ती पिवळी ज्योत. आणि ज्योत पिवळी पडते ती हवा अपुरी पडल्यामुळे, तांब्याच्या पात्यांमधील फटी तुंबल्यामुळे किंवा गॅसच्या जेटचे भोक चुकीचे असल्यामुळे. या शेवटच्या कारणाला अलीकडे महत्त्व आले आहे. मुंबई-पुण्यात घरोघर नळीने नैसर्गिक वायू आला; त्याचा दाब व गुणधर्म सिलिंडरमधील गॅसपेक्षा वेगळे, म्हणून जेटही वेगळे लागतात. नैसर्गिक वायूसाठी मोठे भोक असलेला गिझर भाड्याचे घर बदलताना सिलिंडरवर जोडला गेला, तर गरजेपेक्षा कितीतरी जास्त गॅस जळू पाहतो आणि हवा तोकडी पडते. तेव्हा सळईवरची काजळी हा रोग नसून रोगाचे लक्षण आहे. ते पुसून टाकण्याचे पैसे दिले जातात. कारण शोधण्याचे कोणी मागत नाही आणि कोणी देतही नाही.

जॉर्ज अकेरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक साधी पण दूरगामी गोष्ट दाखवून दिली. मालाचा दर्जा विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात असेल, तर चांगल्या मालाला योग्य किंमत मिळत नाही आणि तो बाजारातून हळूहळू हटतो. या विचारासाठी २००१ चे नोबेल पारितोषिक त्यांना अन्य दोघांसमवेत मिळाले. गिझरदुरुस्तीचा बाजार याच जातीचा आहे. ज्योत पेटली की नाही, हे गिऱ्हाइकाला दिसते. सुरक्षिततेचा स्विच जागेवर आहे की त्याच्या दोन तारा एकमेकींना जोडून तो निकामी केला आहे, हे दिसत नाही. जो कारागीर म्हणेल, “या न्हाणीघरात हा गिझर बसवताच येणार नाही”, त्याला रिकाम्या हाताने परतावे लागते. जो तारा जोडून देतो त्याची शिफारस शेजारीपाजारी होते. सगळा दोष कारागिराच्या माथी मारणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. त्याला ज्याचे पैसे मिळतात तेच तो विकतो.

गॅसचा गिझर लोकप्रिय झाला त्याला सबळ कारण आहे, हेही मान्य केले पाहिजे. अठरा लिटरची एक बादली वीस अंशांनी तापविण्यास सुमारे ४० ग्रॅम गॅस लागतो; १४.२ किलोच्या एका सिलिंडरमध्ये साधारण साडेतीनशे बादल्या निघतात. पाणी तीन मिनिटांत मिळते, वीज गेली तरी अडत नाही. मध्यमवर्गीय संसाराला हा हिशेब पटला तर नवल नाही. या हिशेबात एकच रकाना सुटला आहे, तो हवेचा.

दहा किलोवॉट उष्णता देणारा गिझर दहा मिनिटे चालला तर सुमारे दीडशे ग्रॅम गॅस जळतो, आणि तेवढ्यासाठी जवळजवळ दोन घनमीटर हवा लागते. चार फूट रुंद, सहा फूट लांब आणि आठ फूट उंच अशा न्हाणीघरात हवा असते ती अवघी साडेपाच घनमीटर, म्हणजे दहा मिनिटांत एक तृतीयांशाहून अधिक हवा ज्योतीतून जाऊन परत त्याच खोलीत येते. हवेतील प्राणवायू २१ टक्क्यांच्या आसपास असतो; तो दोन-तीन टक्क्यांनी उतरला तरी गॅस पुरता जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. या वायूला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम उग्र वास दिलेला असतो. त्यामुळे वास नाही म्हणजे धोका नाही, असे मन धरून चालते. ही समजूत गळतीपुरती खरी असली तरी कार्बन मोनॉक्साइडच्या बाबतीत प्राणघातक आहे. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने या वायूला धरते. डोके जड होते, मळमळते, पाय लटपटतात. पित्त झाले असेल, असे वाटते आणि दाराची कडी काढण्याइतकेही त्राण उरत नाही.

जुन्या वाड्यांतील तांब्याचा बंब आठवून पाहावा. त्याच्या मधोमध धुराडे असे, खाली निखारे आणि राखेची जाळी. तो पेटविला जाई तो परसदारी किंवा पडवीच्या कोपऱ्यात, आणि तापलेले पाणी बादलीने न्हाणीत नेले जाई. त्याचा धूर डोळ्यांत जाई, नाकाला झोंबे. आपण जळत आहोत हे तो साऱ्या घराला सांगे. गॅसचा गिझर हा त्या बंबाचाच वारस. वारशात तांबे आले, जाळ आला. धुराडे मात्र बहुतेक घरांत आले नाही, आणि परसदार तर सदनिकेत नाहीच. उरलासुरला झरोकाही थंडी येते म्हणून किंवा समोरच्या इमारतीतून दिसते म्हणून प्लॅस्टिकच्या पत्र्याने बंद केला जातो. हवा बाहेर टाकणारा पंखा असला तरी आत येण्यास वाट नसेल, तर तो बिचारा काय करणार?

या सगळ्याची सर्वाधिक झळ पोचते ती भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या विद्यार्थ्यांना. सकाळच्या पहिल्या तासाला पोचण्यासाठी चौघे एकामागून एक स्नान उरकतात. दार उघडते न उघडते तोच पुन्हा लागते. पहिल्याने वापरलेल्या हवेची किंमत पहिला देत नाही. ती चौथ्याच्या वाट्याला येते. ए. सी. पिगू यांनी १९२० साली ज्या बाह्य परिणामांची मीमांसा केली, त्याचे इतके नेमके उदाहरण पाठ्यपुस्तकातही सापडणार नाही. गिझर घरमालकाचा, गॅस विद्यार्थ्यांचा. मालक तो कधी वापरत नाही आणि विद्यार्थी अकरा महिन्यांनी जाणारच असतात. देखभालीवर खर्च करण्यात दोघांपैकी कोणालाच फायदा दिसत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या चौदाव्या कलमाने जागा दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी घरमालकावर टाकली आहे; त्याने टाळाटाळ केल्यास किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूला स्वत: दुरुस्ती करून घेता येते व वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतची रक्कम कापता येते. पण शहरांतील विद्यार्थी ज्या ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर राहतात, त्यात गिझरचा उल्लेख येतो तो बहुधा पंखे, नळ आणि खाटा यांच्या यादीत, एक नग म्हणून.

ब्रिटनमध्ये १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांनी हा पेच वेगळ्या रीतीने सोडविला. भाड्याच्या घरातील गॅसची उपकरणे नोंदणीकृत तंत्रज्ञाकडून दरवर्षी तपासून घेणे ही मालकाची जबाबदारी आहे आणि तपासणीचा दाखला अठ्ठावीस दिवसांत भाडेकरूच्या हाती पडला पाहिजे. खोलीतली हवा ओढणारे उपकरण न्हाणीघरात नव्याने बसविण्यास तेथे सरळ बंदी आहे. बाहेरून हवा घेऊन बाहेरच सोडणारे, पूर्ण बंदिस्त उपकरणच चालते. आपल्याकडे असा कायदा झाला तर निरीक्षकांची आणखी एक फौज आणि दाखल्यांचा आणखी एक बाजार उभा राहील, हा आक्षेप अगदीच निराधार नाही. तथापि कायद्याची वाट न पाहता करारात एक कलम घालता येते: गिझर न्हाणीघराबाहेर असेल आणि दर ऑक्टोबरात मालकाच्या खर्चाने त्याची तपासणी होईल. सहकारी गृहनिर्माण संस्था टाकीच्या सफाईचे आणि लिफ्टच्या देखभालीचे कंत्राट देतात. त्याच बैठकीत सर्व सदनिकांच्या गिझरतपासणीसाठी एकच जाणकार तंत्रज्ञ नेमणे अवघड नाही. त्याचे वेतन ज्योत पेटविण्यावर अवलंबून नसल्यामुळे ‘येथे बसविता येणार नाही’ असे म्हणणे त्याला परवडेल.

तोवर काही गोष्टी कानाआड करू नयेत. गिझर चालू असताना कोणाला भोवळ आली तर दार-खिडक्या उघडाव्यात, गॅस बंद करावा, त्या माणसाला मोकळ्या हवेत आणावे आणि बरे वाटले तरी रुग्णालयात न्यावे. सिलिंडरच्या गॅसचा वास आला तर विजेचे बटण दाबू नये. गळतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे, पण फोन घराबाहेर जाऊन करावा. वीस मिनिटांनी गिझर आपोआप बंद होतो ही तक्रार घेऊन तर कारागिराला मुळीच बोलावू नये.

गिझर सज्जात किंवा कोरड्या बाल्कनीत हलविण्यास नळाची चार-सहा फूट लांबी वाढते, भिंतीला भोक पाडावे लागते आणि इमारतीच्या दर्शनी भागाचे रूप बिघडते म्हणून संस्थेचे चिटणीस कुरकुर करतात. शिवाय नळ सोडल्यावर पहिले दोन-तीन तांबे पाणी गारच येते. ही तक्रार मात्र खरी आहे.