मालाला नाव द्या

समाजबांधवहो, मराठीसाठी आपण निवेदने देतो, सभा घेतो. मग घरच्या कुरडया, पापड, मसाला बिननावाच्या पिशवीत का विकतो? बँकेच्या खिडकीतून आम्ही नेहमी पाहतो : कर्ज मिळते, यंत्र येते, माल उत्तम निघतो, पण घाऊक व्यापारी तो उचलून स्वतःचे लेबल लावतो. कष्ट आपले, नाव त्याचे.

शेजारीच पाहा. निर्मलची लाकडी खेळणी गावाच्या नावानेच देशभर ओळखली जातात. वोज कारागिरांच्या आदिलाबाद डोकरा कलेला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

आपणही एकच नाव ठरवावे, ते मराठीबरोबर तेलुगूतही छापावे. तेलुगू अक्षरांनी मराठीपण जात नाही, उलट गिऱ्हाईक वाढते. पाकिटावर वजन, किंमत, तारीख, फोन द्यावा. चव मात्र बदलू नये. व्यापारचिन्हाच्या ऑनलाइन अर्जाला व्यक्तीस एका वर्गासाठी ४,५०० रुपये लागतात. नोंदणी १० वर्षे चालते, पुढे वाढवता येते.

मंडळाने पुढच्या मेळाव्यात भाषणांआधी आपल्या लोकांच्या मालाची टेबले मांडावीत. बिननावाची पिशवी मात्र तिथे नको, एवढीच आमची सूचना.