घराणं बघावं की गिअरबॉक्स?

खांडबाऱ्यात गॅरेज चालवणाऱ्या एका वाचकाने तीन नावं पाठवली आहेत: अबार्थ पुंटो, पोलो जीटीआय आणि ऑक्टाव्हिया आरएस. गिऱ्हाइकाला यांतली एक जुनी घ्यायची आहे, सुरतेकडे शोध चालू आहे आणि कौल मागितलाय तो मेकॅनिककडे. हा प्रश्न आता तालुक्याच्या गावांतूनही येऊ लागलाय, कारण हौसेने घेतलेली गाडी पाच-सात वर्षांत पहिल्या मालकाच्या हातून सुटते आणि मग हळूहळू आपल्या दाराशी येते.

घराण्याच्या बाबतीत तिघीही खानदानी. कार्लो अबार्थने 1949 साली इटलीत सुरुवात केली, विंचवाचं चिन्ह त्याच्या राशीवरून आलं आणि 1971 पासून हे नाव फियाटकडे आहे. जीटीआय हे नाव 1976 च्या गोल्फपासूनचं. स्कोडाच्या आरएस गाड्या 1974 पासून शर्यतीत उतरल्या. गिऱ्हाइकाला हे सगळं यूट्यूबवरून पाठ असतं, आपल्याला सांगावं लागत नाही. सारंगखेड्याच्या यात्रेत मुरलेला घोडेवाला आधी दात बघतो, मग जनावर चालवून बघतो आणि वंशावळ चहा पिताना ऐकतो. आपणही तोच क्रम धरावा.

पोलो जीटीआय 2016 मध्ये बाहेरून तयार होऊन आली, भारतासाठी फक्त 99. किंमत साडेपंचवीस लाखांच्या वर, पुढच्याच वर्षी वीस लाखांच्या आत. ज्यांनी आधी घेतली त्यांचं काय झालं असेल ते सांगायला नको. 192 पीएसचं इंजिन झकास, पण गिअरबॉक्स कोरड्या क्लचचा सातगती डीएसजी. हा गिअरबॉक्स 250 एनएमच्या पुढे झेपत नाही, म्हणूनच कंपनीने टॉर्क तिथे रोखला. कोणी रिमॅप करून तो वाढवला असेल तर अशी गाडी सरळ सोडून द्या. तीन दारांची ही पोलो संग्राहकाने घ्यावी, रोज नंदुरबारला ये-जा करणाऱ्याने नव्हे.

ऑक्टाव्हिया आरएसची गोष्ट वेगळी. 2017 ची 230 पीएसची गाडी आपल्याच शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवलेली, किंमत साडेचोवीस लाखांच्या आसपास. ओल्या क्लचचा सहागती गिअरबॉक्स मजबूत, फक्त 60 हजार किलोमीटरला त्याचं तेल बदललेलं असायला हवं. बिल दाखवा म्हणा, तोंडी हिशेब ऐकू नका. थर्मोस्टॅट आणि वॉटर पंपाचं प्लॅस्टिकचं घर गळतं का, तेही बघा. कूलंटची टाकी काठोकाठ भरलेली दिसली तर कालच भरलीय का, असं विचारायला लाजू नका. पैशाला वेग आणि वर चार माणसांची बसायची सोय म्हणाल तर तिघींत हीच पुढे. पण स्कॅनर नसलेल्या गॅरेजने तिला हात लावू नये.

राहिली अबार्थ पुंटो. रांजणगावला बनलेली, 2015 मध्ये दहा लाखांच्या आत मिळणारी, 145 पीएसची. शंभरचा वेग गाठायला कंपनीच्याच दाव्याने 8.8 सेकंद, म्हणजे तिघींत सावकाश. स्टिअरिंग मात्र अजून हायड्रॉलिक, गिअर हाताने टाकायचे, चारही चाकांना डिस्क. आणि घराणं म्हणाल तर इथे ते मेकॅनिकच्या बोटांत आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर पद्मिनीवर हात बसलेली एक पिढी अजून आपल्या धंद्यात आहे, आणि साधी पुंटो, लिनिया तर बहुतेकांनी खोललेली असते. पण फियाटने इथला गाशा गुंडाळलाय, त्यामुळे टर्बोच्या होजेसपासून सेन्सरपर्यंत शोधाशोध करावी लागते. घेताना टायमिंगचा पट्टा केव्हा बदलला ते आधी विचारा. गाडी कमी पळालीय म्हणून पट्टा कोणी बदलत नाही, पण रबराला वय असतंच. टर्बोच्या दांड्याला हाताने हलवून खेळ बघा आणि इंजिन रात्रभर थंड झाल्यावर सकाळी स्वतः सुरू करा. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवलेल्या इंजिनावर मत देऊ नये.

सुरतेची गाडी स्वस्त दिसते, पण तिला एनओसी आणून एमएच-39 करताना महाराष्ट्राचा एकरकमी कर भरावा लागतो. वीस लाखांच्या पुढच्या पेट्रोल गाडीला नव्यात 13 टक्के दर आहे, जुन्या गाडीला वयाप्रमाणे सूट मिळते. हा आकडा आरटीओतून काढून घेतल्याशिवाय गिऱ्हाइकाला टोकन देऊ देऊ नका. किंमत, कर, विमा आणि पहिल्या वर्षीचे सुटे भाग, हे चार आकडे एका कागदावर लिहून त्याच्या हातात द्या.

आमचा कौल असा: गाडी एकच आणि ती रोज चालवायची, शिवाय सुरत किंवा नाशिकच्या सर्व्हिस सेंटरला जायची तयारी असेल तर ऑक्टाव्हिया. घरात दुसरी गाडी असेल आणि दुरुस्ती गावातच व्हायला हवी तर अबार्थ, पण एक जादा टर्बो आणि पट्ट्याचा पूर्ण संच आधी मिळवून. ज्या वाचकांकडे अबार्थच्या टी-जेट इंजिनाचे खात्रीचे सुटे भाग मिळतात किंवा मिळण्याचं ठिकाण ठाऊक आहे, त्यांनी कार्यालयाला कळवावं. जिल्हावार यादी पुढच्या अंकात छापू.