दिल्लीत ५२.९, नागपुरात ५६ अंश: दशांश दिसला म्हणजे आकडा खरा असतो का?

२९ मे २०२४. दिल्लीत मुंगेशपूरच्या स्वयंचलित हवामान केंद्रावर ५२.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं आणि बघता बघता हा आकडा देशभर व्हायरल झाला. त्याआधी देशातला उच्चांक होता ५१ अंशांचा, २०१६ मध्ये राजस्थानातल्या फलोदीत नोंदवलेला. दुसऱ्याच दिवशी नागपुरातल्या एका केंद्रानं तर चक्क ५६ अंश दाखवले.

मग विक्रम मोडला का? नाही.

भारतीय हवामान विभागानं तपासणी केली तेव्हा मुंगेशपूरचं उपकरण प्रमाणित उपकरणापेक्षा सुमारे ३ अंश जास्त दाखवत असल्याचं आढळलं. नागपूरचा ५६ हा आकडाही सेन्सर बिघडल्यामुळे आला होता. मुंगेशपूरबद्दल शंका येण्याचं कारण साधं होतं. त्या दिवशी दिल्लीतल्या इतर केंद्रांवरचं कमाल तापमान ४५.२ ते ४९.१ अंशांच्या दरम्यान होतं.

मग तो '.९' काय सांगत होता?

याचं उत्तर अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सापडतं. टायट्रेशन करताना ब्युरेटवर तीन वाचनं मिळाली: २४.३, २४.४ आणि २४.४ मिली. कॅल्क्युलेटर सरासरी दाखवतो २४.३६६६६६. पण वहीत लिहायचं २४.४. कारण ब्युरेटवर ०.१ मिलीपर्यंतच्याच खुणा असतात. पुढचे आकडे मोजलेले नाहीत, ते भागाकारातून आले आहेत. मोजमापातल्या ज्या अंकांना खरोखर अर्थ असतो, त्यांना 'सार्थक अंक' म्हणतात.

आता समजा, बाटलीतलं प्रमाणित द्रावणच चुकीचं बनवलं होतं. तरीही तिन्ही वाचनं एकमेकांशी जुळतील, दशांशही व्यवस्थित दिसेल आणि उत्तर मात्र चुकेल. उपकरण किती बारीक मोजतं ही एक गोष्ट आणि ते किती बरोबर मोजतं ही दुसरी. मुंगेशपूरचा सेन्सर अंशाचा दहावा भाग दाखवत होता, पण चूक होती ३ अंशांची. अशा वेळी '.९'ला काहीच अर्थ उरत नाही.

३ अंशांनी एवढं काय बिघडतं?

हवामान विभागाच्या निकषानुसार प्रत्यक्ष कमाल तापमान ४५ अंश किंवा जास्त असेल तर उष्णतेची लाट आणि ४७ अंश किंवा जास्त असेल तर तीव्र लाट मानली जाते. म्हणजे दोन्हींत फरक अवघ्या २ अंशांचा. सेन्सरची चूक त्याहून मोठी असेल, तर साध्या लाटेची तीव्र लाट होते किंवा खरी तीव्र लाट नजरेतून सुटते. उन्हात राबणाऱ्या मजुरासाठी हा फरक कागदावरचा नाही.

दुसरा धोका उलट्या बाजूचा. '५२.९ खोटं निघालं' हे कळल्यावर 'उगाच घाबरवतात' म्हणणं सोपं जातं. पण ३ अंश वजा केले तरी तिथलं तापमान ५० च्या आसपासच राहतं. ते नेमकं ४९.९ होतं, असंही म्हणता येणार नाही. जी चूक आपण वजा केली, तीच मुळात 'सुमारे' ३ अंशांची आहे.

त्यामुळे विक्रमी तापमानाचा स्क्रीनशॉट पुढे पाठवण्याआधी त्याच शहरातली इतर केंद्रं काय दाखवतायत, हे एकदा बघा. आकडा बराच वेगळा असेल, तर हवामान विभागाच्या खुलाशाची वाट पाहा. आणि तोवर सावलीतच थांबा. ४९ अंशसुद्धा जीवघेणेच असतात.