विश्लेषण : ब्रिटिश नागरिक होण्यासाठी मूल्ये पाठ करायची की पाळायची?

लोकशाही, कायद्याचे राज्य, व्यक्तिस्वातंत्र्य, वेगळ्या श्रद्धांबाबत सहिष्णुता आणि समाजजीवनात सहभाग. ब्रिटिश सरकारच्या अधिकृत पुस्तिकेत ही पाच तत्त्वे तिथल्या जीवनाचा पाया म्हणून दिली आहेत. त्यांवर आक्षेप घेण्यासारखे काही नाही आणि त्यांत खास ब्रिटिश असेही फारसे काही नाही. मात्र नागरिकत्व मागणाऱ्याने ही तत्त्वे अंगी बाणवली आहेत हे सरकार तपासते कसे, हा प्रश्न उरतो. यातली बरीचशी तपासणी चुकीच्या जागी होते आणि खऱ्या नागरी जबाबदारीबद्दल अर्जदाराला कोणी धड सांगत नाही, असे म्हणावे लागते.

परीक्षेत काय विचारतात?

‘लाइफ इन द यूके’ ही परीक्षा २००५ पासून घेतली जाते. २४ प्रश्न, ४५ मिनिटे आणि उत्तीर्ण होण्यासाठी १८ बरोबर उत्तरे. शुल्क ५० पौंड. नापास झाल्यास पुन्हा ५० पौंड भरून कितीही वेळा बसता येते. प्रश्न ज्या पुस्तिकेवर आधारलेले असतात, तिची सध्याची तिसरी आवृत्ती २०१३ची आहे. त्याच वर्षी डरहॅम विद्यापीठाचे प्राध्यापक थॉम ब्रुक्स यांनी या परीक्षेवर कडक टीका केली. स्वतः परदेशातून येऊन हीच परीक्षा दिलेले ब्रुक्स म्हणतात की, ती पबमधल्या वाईट प्रश्नमंजूषेसारखी आहे. आठव्या हेन्रीच्या सहा राण्या कोण, ‘लंडन आय’ची उंची किती, हे पुस्तिकेत आहे. डॉक्टरकडे नाव कसे नोंदवायचे आणि आणीबाणीत ९९९ला फोन करायचा, ही आधीच्या आवृत्तीतली माहिती मात्र गळली.

लंडनमध्ये १८१० साली भारतीय जेवणाचे पहिले उपाहारगृह काढणारे पाटण्याचे शेख दीन महोमेद या पुस्तिकेत आहेत, याचा आपल्याला आनंद वाटेल. पण हीच पुस्तिका साम्राज्याकडून राष्ट्रकुलाकडे झालेले स्थित्यंतर बहुतांशी शिस्तीत पार पडले, असे सांगते. फाळणीत घर सोडावे लागलेल्यांच्या नातवंडांनी ते वाचून काय करायचे? खरे तेच बोलावे, हे मूल्य बाजूला ठेवून अपेक्षित पर्यायावर क्लिक करायचे. २०२० मध्ये पावणेदोनशेहून अधिक इतिहासतज्ज्ञांनी गुलामगिरी आणि साम्राज्याविषयीचा हा मजकूर बदलावा, अशी मागणी केली होती.

वर्तन कुठेच तपासले जात नाही का?

जाते, पण कागदावर. साधारणपणे ५ वर्षांचे वास्तव्य लागते आणि त्या काळात देशाबाहेर ४५० दिवसांपेक्षा जास्त राहिलेले सहसा चालत नाही. ‘चांगले चारित्र्य’ ही वेगळी अट आहे. तीत गुन्हे, थकवलेला कर, व्हिसाच्या अटींचा भंग, अर्जातली लपवाछपवी असे सगळे येते. परीक्षेपेक्षा ही अट जास्त अर्थपूर्ण आहे. कर वेळेवर भरणे हे राण्यांची नावे सांगण्यापेक्षा नागरिकाचे लक्षण अधिक.

समाजसेवेचे गुण द्यावेत का?

मे २०२५च्या श्वेतपत्रिकेत ब्रिटिश सरकारने कायम वास्तव्यासाठीची नेहमीची ५ वर्षांची अट १० वर्षांवर नेण्याचा विचार मांडला. समाजासाठी योगदान देणाऱ्यांना ही प्रतीक्षा कमी करून मिळावी, अशी त्यामागची कल्पना आहे. गृहमंत्री शबाना महमूद यांनी त्या वर्षाच्या अखेरीस मांडलेल्या प्रस्तावांत स्वयंसेवेचाही समावेश आहे.

कल्पना ऐकायला छान आहे. पण रुग्णालयात रात्रपाळी करणारी परिचारिका किंवा वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळ घालणारी सेविका आठवड्याच्या सुट्टीत झोप काढणार की धर्मादाय दुकानात उभी राहणार? ठरावीक वेळेत कार्यालयातून सुटणाऱ्याला ही सूट सहज मिळेल. जिची नोकरीच सेवा आहे, तिची मात्र दमछाक होईल. शिवाय हजेरीपत्रकावर सही घेऊन केलेल्या कामाला स्वयंसेवा म्हणायचे का, हाही प्रश्न आहेच.

जबाबदारी केव्हा सुरू होते?

नागरिकत्व मंजूर झाल्यावर स्थानिक कौन्सिलच्या समारंभात राजाप्रती निष्ठेची शपथ घ्यायची असते. ईश्वरसाक्ष नको असेल तर गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा चालते. लोकशाही मूल्ये जपण्याचे, कायदे पाळण्याचे आणि नागरिकाची कर्तव्ये पार पाडण्याचे वचनही त्यातच येते. भारत दुहेरी नागरिकत्व मान्य करत नसल्याने भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. त्यानंतर ‘ओसीआय’ कार्ड काढता येते, पण त्यावर भारतात मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. गावाकडची जमीन आणि म्हातारे आईवडील डोळ्यांसमोर ठेवून अनेक जण हा निर्णय वर्षानुवर्षे पुढे ढकलतात. त्यात गैर काही नाही.

पण नागरिकत्व घेतले नाही म्हणजे नागरी जबाबदारी नाही, हा समज चुकीचा आहे. ब्रिटनमध्ये कायदेशीर परवानगीने राहणारे १८ वर्षांवरील भारतीय नागरिक राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून तिथल्या संसदेच्या निवडणुकीतही मतदान करू शकतात. त्यासाठी ब्रिटिश पासपोर्ट लागत नाही. साम्राज्याच्या काळात ‘ब्रिटिश प्रजाजन’ म्हणून असलेल्या हक्काचा हा उरलेला धागा. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत शिकवलेले दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये फिन्सबरी सेंट्रलमधून अवघ्या काही मतांनी निवडून आले, तेही याच हक्कावर.

या नोंदणीला जोडून एक कर्तव्यही येते. इंग्लंड आणि वेल्समध्ये मतदार यादीत नाव असलेल्या, १८ ते ७५ वयाच्या आणि वयाच्या तेराव्या वर्षानंतर किमान ५ वर्षे तिथे राहिलेल्या व्यक्तीला ज्यूरी म्हणून बोलावणे येऊ शकते, मग तिच्याकडे भारतीय पासपोर्ट का असेना. विनाकारण गैरहजर राहिल्यास १००० पौंडांपर्यंत दंड होतो. अनोळखी माणूस दोषी की निर्दोष हे आणखी ११ जणांसोबत बसून ठरवायचे, हे काम कोणत्याही २४ प्रश्नांपेक्षा अवघड आहे.

कौन्सिल दर वर्षी घरोघरी मतदार यादीच्या पडताळणीची विचारणा करते. ‘आपण इथले नागरिक नाही’ म्हणून हे पत्र जाहिरातींच्या कागदांबरोबर कचऱ्यात टाकू नये. नोंदणी ऑनलाइन काही मिनिटांत होते. अर्जात राष्ट्रीयत्वाचा रकाना असतो. तिथे ‘भारतीय’ असेच लिहायचे.