संघ निवडावा सामन्याआधी!



३१ ऑक्टोबर २०२५ रोजी पुणेरी पलटण अंतिम सामन्यात दबंग दिल्लीकडून ३१–२८ अशी हरली. सुट्टीनंतर शाळा उघडली, तरी हिंजवडीत आमच्या फाटकापाशी पालकांची चर्चा तीच: "कोचनं संघच चुकीचा उतरवला!"

टीका जरूर करावी. पण निकाल कळल्यावर सात खेळाडू निवडणं सोपं असतं हो! प्रशिक्षकाला ते आधी निवडावे लागतात. डिसेंबर २०२२ मध्येही पलटण मुंबईत जयपूरकडून अंतिम सामना ३३–२९ असा हरली होती. प्रशिक्षक बी. सी. रमेश कायम राहिले आणि पुढच्याच हंगामात, १ मार्च २०२४ ला, हरियाणाला २८–२५ असं हरवून पलटण पहिल्यांदा विजेती झाली.

मोठ्यांचं बोलणं मुलं लगेच उचलतात. माझ्या वर्गातला एक मुलगा शेवटच्या चढाईत पकडला गेला. "याला घेतलाच कशाला?" मुलं म्हणाली. आठवडाभर तो मैदानाकडे फिरकला नाही.

म्हणून आता सामन्याआधीच मुलांना आपापले सात खेळाडू कारणांसह वहीत लिहायला सांगते. निकालानंतर तीच वही उघडायची. घरीही करून बघा. बोट दाखवण्याआधी मुलं आपलं पान वाचतात.